करडई, शेंगा आणि जवस: हृदयासाठी तेल कोणते आणि किती?

अँजिओप्लास्टी होऊन महिना-दोन महिने झाले की पेशंट घरच्यांसोबत तपासणीला येतात. सोलापुरात या भेटीत एक संवाद जवळपास ठरलेला असतो.

"डॉक्टर, आता घरात करडईशिवाय दुसरं तेल येत नाही. शेंगा चटणी तर यांना बंदच केली."

"बरं काकू, महिन्याला तेल किती लागतं?"

"पाच लिटरचा डबा पुरतो."

"आणि घरात माणसं किती?"

"आम्ही चौघं."

हा डबा पुरतो, पण पुरायला नको, असे मला दर वेळी सांगावे लागते. काकूंनी तेल बदलले, पण प्रमाण तेच ठेवले. शिवाय तेल 'हृदयाचे' आहे म्हणून आठवड्यातून दोनदा भजीही होऊ लागली. चटणी मात्र विनाकारण बंद झाली.

तेलाबाबत घराघरांत एवढा गोंधळ आहे याचे कारण सोपे आहे. आपण तेलाला 'चांगले' आणि 'वाईट' अशी दोनच नावे देतो. प्रत्यक्षात प्रत्येक तेल हे वेगवेगळ्या मेदाम्लांचे मिश्रण असते. ही मेदाम्ले, म्हणजेच फॅटी ॲसिड्स, समजून घेतली की स्वयंपाकघरातले बरेच निर्णय आपले आपण घेता येतात.

शरीराला मेद कशासाठी लागतो?

मेद म्हणजे फक्त चरबी नव्हे. शरीरातल्या प्रत्येक पेशीचे आवरण मेदाम्लांपासून बनते. मेंदू आणि डोळ्यांचा पडदा यांत ठरावीक मेदाम्ले भरपूर असतात. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे आतड्यातून शोषली जाण्यासाठी जेवणात थोडा मेद लागतो. रक्त गोठणे, सूज येणे आणि ओसरणे यांवर नियंत्रण ठेवणारी काही रसायने शरीर मेदाम्लांपासूनच तयार करते.

म्हणून 'तेल पूर्ण बंद' हा सल्ला बहुतेकांसाठी चुकीचा आहे. पण एक ग्रॅम मेदातून ९ किलोकॅलरी मिळतात, तर एक ग्रॅम पिष्टमय पदार्थातून किंवा प्रथिनातून ४. त्यामुळे तेल थोडे जास्त झाले तरी वजन वाढायला वेळ लागत नाही. ही गोष्ट सगळ्या तेलांना सारखीच लागू आहे. करडईच्या एका चमच्यात तुपाच्या चमच्याएवढ्याच कॅलरी असतात.

मेदाम्लांचे प्रकार

मेदाम्ल म्हणजे कार्बनच्या अणूंची एक साखळी. अशा तीन साखळ्या ग्लिसरॉल नावाच्या रेणूला जोडल्या की ट्रायग्लिसराइड तयार होते. बाटलीतले तेल, वाटीतले तूप आणि आपल्या पोटावरची चरबी, तिन्ही मुख्यतः ट्रायग्लिसराइडच असतात. फरक पडतो तो साखळ्यांच्या रचनेमुळे.

संपृक्त मेदाम्ले: साखळी सरळ असते. सरळ काड्यांची मोळी जशी घट्ट बांधता येते, तशा या साखळ्या एकमेकींना चिकटून बसतात. म्हणून तूप, वनस्पती तूप आणि थंडीतले खोबरेल गोठते. यातली बरीच मेदाम्ले रक्तातले एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल वाढवतात. रक्तातले एलडीएल उचलून घेण्याचे यकृताचे काम त्यांच्यामुळे मंदावते.

एक-असंपृक्त मेदाम्ले: साखळीत एका जागी वाकडा सांधा असतो. ओलेइक आम्ल हे यातले मुख्य. शेंगदाण्याच्या आणि ऑलिव्हच्या तेलात ते भरपूर असते.

बहु-असंपृक्त मेदाम्ले: साखळीत दोन किंवा अधिक वाकडे सांधे असतात. त्यांचे दोन गट आहेत, ओमेगा-६ आणि ओमेगा-३. साखळीच्या शेपटाकडून मोजत गेल्यावर पहिला सांधा कितव्या कार्बनवर येतो, त्यावरून ही नावे पडली आहेत.

ट्रान्स मेदाम्ले: ही असंपृक्तच असतात, पण सांध्याची दिशा बदलल्यामुळे साखळी पुन्हा सरळ होते. द्रव तेलाचे अर्धवट हायड्रोजनीकरण करून वनस्पती तूप बनवताना ती मोठ्या प्रमाणात तयार होतात. ट्रान्स फॅट एलडीएल वाढवते आणि 'चांगले' एचडीएल कमीही करते. हृदयासाठी सगळ्यांत घातक मेद हाच.

जी दोन शरीर बनवू शकत नाही

१९२९ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठातील जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांना मेद पूर्ण वगळलेला आहार दिला. उंदरांची वाढ खुंटली, शेपटीची कातडी खवल्यांसारखी सोलू लागली आणि पुढे ते दगावले. ठरावीक मेदाम्ले दिल्यावर मात्र ते सुधारले. काही मेदाम्ले अन्नातून मिळालीच पाहिजेत, हे यातून सिद्ध झाले.

आज अशी दोन अत्यावश्यक मेदाम्ले आपल्याला माहीत आहेत. एक लिनोलेइक आम्ल, ते ओमेगा-६ गटातले. दुसरे अल्फा-लिनोलेनिक आम्ल, ते ओमेगा-३ गटातले. बाकीची मेदाम्ले शरीर साखर-पिष्टापासूनही तयार करू शकते, ही दोन नाही.

गरज किती? दिवसाला २,००० किलोकॅलरी घेणाऱ्या प्रौढ व्यक्तीला अंदाजे ५ ते ६ ग्रॅम लिनोलेइक आणि १ ग्रॅमहून थोडे अधिक अल्फा-लिनोलेनिक आम्ल पुरते. करडईच्या तेलाचे दोन छोटे चमचे घेतले की पहिली गरज भागते. दुसरी मात्र करडईचा अख्खा डबा संपवला तरी भागत नाही, कारण त्यात ओमेगा-३ जवळपास नसतेच.

सोलापूरच्या शिवारातली तीन तेलबिया

करडई: सोलापूर हा करडईचा जुना जिल्हा. करडईवरील अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पाचे मुख्य केंद्र सोलापुरातच होते. 'भीमा' आणि 'फुले कुसुमा' ही इथल्या शेतकऱ्यांच्या ओळखीची वाणे महात्मा फुले कृषी विद्यापीठाची आहेत. रब्बी ज्वारीच्या शेताला करडईचे पाटे घालत. काट्यांमुळे जनावरे आत शिरत नसत, आणि घरापुरते तेलही निघे. तिच्या तेलात साधारण ७५ टक्के लिनोलेइक आम्ल असते आणि संपृक्त मेद फक्त १० टक्क्यांच्या आसपास. म्हणूनच 'हृदयाचे तेल' अशी तिची ख्याती झाली.

शेंगा: शेंगदाण्याच्या तेलात ओलेइक आम्ल जवळजवळ निम्मे, लिनोलेइक सुमारे ३० टक्के आणि संपृक्त मेद १७ ते २० टक्के असतो. म्हणजे ते मधल्या प्रकारचे तेल आहे. तापवल्यावर ते करडईपेक्षा जास्त टिकते. ओमेगा-३ यातही जवळपास नाही.

जवस: जवसाच्या तेलातला निम्म्याहून अधिक भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा असतो. शाकाहारी घरात ओमेगा-३ मिळवण्याचा याहून स्वस्त आणि सोपा मार्ग नाही. आजीच्या काळात जवसाची चटणी रोजच्या ताटात असे. आता ती बऱ्याच घरांत सणापुरतीही होत नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. कारळ्याची आणि तिळाची चटणी चविष्ट आणि पौष्टिक असते, पण ती जवसाची जागा घेऊ शकत नाही. कारळे आणि तीळ दोन्हींत ओमेगा-६ आहे, ओमेगा-३ नगण्य.

या दोन गटांची जोडी राखणे का महत्त्वाचे? शरीरात ओमेगा-६ आणि ओमेगा-३ यांच्यावर प्रक्रिया करणारी विकरे, म्हणजे एन्झाइम्स, एकच आहेत. ओमेगा-६ खूप आणि ओमेगा-३ नगण्य असेल तर ही विकरे पहिल्याच कामात गुंततात. त्यामुळे आपल्याकडील आहारतज्ज्ञ आहारात ओमेगा-६ आणि ओमेगा-३ यांचे प्रमाण साधारण ५ ते १० ला १ असावे असे सुचवतात. भाजी, आमटी आणि तळण सगळे फक्त करडईत किंवा सूर्यफुलात करणाऱ्या घरात हे प्रमाण कितीतरी पटींनी बिघडलेले असते.

करडईच्या तेलावरची एक चाचणी

१९६६ ते १९७३ या काळात ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे हृदयविकार होऊन गेलेल्या ४५८ पुरुषांवर एक चाचणी झाली. एका गटाला लोणी आणि इतर संपृक्त मेदाऐवजी करडईचे तेल आणि करडईचेच मार्जरीन देण्यात आले. दिवसाच्या ऊर्जेचा सुमारे १५ टक्के भाग बहु-असंपृक्त मेदातून मिळावा, असे त्यांना सांगितले होते. हे प्रमाण बरेच जास्त आहे.

त्या गटाचे कोलेस्टेरॉल कमी झाले. पण त्यांच्यात मृत्यू कमी झाले नाहीत, उलट जास्त झाले. जुनी माहिती पुन्हा शोधून तिचे संपूर्ण विश्लेषण २०१३ साली प्रसिद्ध झाले. करडईच्या गटात १७.६ टक्के, तर दुसऱ्या गटात ११.८ टक्के मृत्यू आढळले.

मग करडई विष आहे का? नाही. ही एकच आणि लहान चाचणी आहे. त्या काळच्या मार्जरीनमध्ये ट्रान्स फॅट असण्याची शक्यताही तज्ज्ञांनी दाखवली आहे. अनेक चाचण्यांचा एकत्रित विचार करणाऱ्या २०२० सालच्या कॉक्रेन आढाव्यात, किमान दोन वर्षे संपृक्त मेद कमी केल्याने हृदय आणि रक्तवाहिन्यांचे गंभीर त्रास सुमारे १७ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. तुपा-लोण्याच्या जागी असंपृक्त तेल येणे एकंदरीत हिताचेच ठरते.

सिडनीच्या चाचणीतून घ्यायचा धडा वेगळा आहे. तेल हे औषध नव्हे. एखादे मेदाम्ल चांगले म्हणून ते जितके जास्त घ्याल तितका फायदा वाढत नाही. आणि रिपोर्टमधला एक आकडा खाली आला म्हणजे धोका टळला असेही नाही.

घरचा हिशोब

आता काकूंच्या डब्याकडे येऊ. पाच लिटर तेलाचे वजन साधारण ४,५७५ ग्रॅम भरते. ते चार माणसांत आणि तीस दिवसांत वाटले तर माणशी रोज ३८ ग्रॅम होते. बैठे काम करणाऱ्यांसाठी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० साली सुचवलेले प्रमाण पुरुषांना २५ ग्रॅम आणि स्त्रियांना २० ग्रॅम आहे. यात तेल, तूप, लोणी असा वरून वापरलेला सगळा मेद धरायचा असतो. मध्यम श्रमाच्या कामाला ५ ग्रॅम जास्त चालते, शेतात किंवा हमालीचे जड काम करणाऱ्यांना आणखी थोडे.

म्हणजे बैठ्या कामाच्या चौघांच्या घरात तेल आणि तूप मिळून महिन्याला साधारण तीन लिटर पुरे. बाहेरचे खाणे होत असेल तर अडीच लिटरच. हे साधण्याचे काही मार्ग:

१. डब्यातून कढईत थेट ओतू नका. पहिल्या तारखेला महिन्याचे तेल वेगळ्या बरणीत काढा. मध्येच संपले तर कुठे गेले ते घरात सगळ्यांना कळते.

२. फोडणीला चमचा वापरा. चहाचा एक चमचा तेल म्हणजे साधारण साडेचार ग्रॅम. चौघांच्या भाजीला तीन-चार चमचे पुरतात.

३. ज्वारीची भाकरी तेलाशिवाय होते. एका वेळी चपातीऐवजी भाकरी केली तर तेवढे तेल आपोआप वाचते.

४. रश्शावर तर्री हवीच असेल तर ती सणावारी. रोजच्या आमटीला दाण्याचे कूट थोडे घाला, तेल कमी करा.

५. एकाच तेलावर अडून बसू नका. एक महिना शेंगदाणा, पुढचा महिना सोयाबीन किंवा मोहरी, मध्ये करडई, अशी अदलाबदल करा. सोयाबीनच्या तेलात सुमारे ७ टक्के अल्फा-लिनोलेनिक आम्ल असते, मोहरीत त्याहून थोडे अधिक.

६. रोज एक मोठा चमचा, म्हणजे साधारण ७ ग्रॅम, जवसाची पूड किंवा चटणी खा. त्यातून सुमारे दीड ग्रॅम ओमेगा-३ मिळते. जवस हलके भाजून कुटलेलेच हवे. अख्खे दाणे बऱ्याचदा न पचताच बाहेर पडतात. पूड थोडी थोडी करा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. खवट वास आला तर फेकून द्या.

मासे खाणाऱ्यांनी आठवड्यातून एक-दोनदा बांगडा किंवा तारली खावी, पण तळून नव्हे. समुद्रातल्या अशा तेलकट माशांतून ईपीए आणि डीएचए ही तयार ओमेगा-३ मेदाम्ले मिळतात. जवसातले ओमेगा-३ शरीर याच रूपात बदलते, पण त्यातला अगदी थोडाच भाग.

तळण आणि बाहेरचे खाणे

करडई आणि सूर्यफुलासारखी बहु-असंपृक्त तेले तीव्र आचेवर लवकर खराब होतात. तळायचेच असेल तर शेंगदाण्याचे तेल बरे. उरलेले तेल पुन्हा तळणीला न वापरता एक-दोन दिवसांत भाजीला संपवा. तेल काळे पडले, चिकट झाले, फेसाळू लागले किंवा कमी आचेवरच धूर येऊ लागला तर ते टाकून द्या.

हॉटेल आणि गाड्यांवर तेच तेल दिवसभर उकळत असते. अशा तेलात पोलर संयुगे तयार होतात. ती २५ टक्क्यांहून जास्त झाली की तेल वापरायचे नाही, असा भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाचा नियम आहे. पण समोरच्या कढईत ती किती आहेत हे गिऱ्हाइकाला दिसत नाही. म्हणून आठवड्यातून किती वेळा तिथे उभे राहायचे, एवढेच आपल्या हातात उरते.

ट्रान्स फॅटबद्दल चांगली बातमी आहे. जानेवारी २०२२ पासून भारतात खाद्यतेल आणि मेदातील ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्क्यांवर आणली गेली आहे. पूर्वी ती १० टक्के होती. तरीही खारी, टोस्ट आणि नानकटाई मोकळ्या मनाने खाण्यासारखी झालेली नाहीत. ट्रान्स फॅट घटले तरी त्यांत बहुधा पामतेलासारखा संपृक्त मेद असतो, आणि मैदा व साखर असतेच.

पाकिटावर 'कोलेस्टेरॉल शून्य' वाचून भुलू नका. कोणत्याही वनस्पतीच्या तेलात कोलेस्टेरॉल नगण्यच असते, अगदी ९० टक्के संपृक्त मेद असलेल्या खोबरेलातही. पाहायचे ते संपृक्त मेद आणि ट्रान्स फॅट यांचे आकडे.

पेशंटचे नेहमीचे प्रश्न

*शेंगा चटणी खावी का?*
हो. एक मोठा चमचा चटणीत अंदाजे ६ ते ७ ग्रॅम मेद असतो, तोही बहुतांश असंपृक्त. सोबत प्रथिने आणि तंतूही मिळतात. फक्त वरून तेल ओतू नका, आणि रक्तदाब असेल तर घरीच कमी मिठात करा.

*घाण्याचे तेल घ्यावे की रिफाइंड?*
दोन्हींतली मेदाम्ले जवळपास सारखीच असतात. घाण्याच्या तेलात ई जीवनसत्त्व आणि काही उपयुक्त घटक जास्त टिकतात, चवही चांगली लागते. पण घाण्याचे म्हणून जास्त खाल्ले तर फायदा नाही.

*तूप पूर्ण बंद करू का?*
तुपात संपृक्त मेद ६० टक्क्यांहून अधिक असतो. हृदयविकार किंवा जास्त एलडीएल असलेल्यांनी रोज एखाद्या छोट्या चमच्यापलीकडे जाऊ नये, आणि तोही महिन्याच्या हिशोबात धरावा.

*ट्रायग्लिसराइड वाढले आहे. फक्त तेल कमी केले तर चालेल?*
बहुधा नाही. साखर, गोड चहा, मैदा, भाताचे मोठे प्रमाण, दारू आणि अनियंत्रित मधुमेह यांनी ट्रायग्लिसराइड वाढते. त्याकडे आधी पाहा.

*लहान मुलांचे तेल-तूप कमी करावे का?*
दोन वर्षांखालील मुलांना वाढीसाठी मेदाची जास्त गरज असते. त्यांच्या जेवणातला मेद कमी करू नका. मोठ्या मुलांचे वेफर आणि बेकरीचे पदार्थ कमी करा.

डॉक्टरांशी कधी बोलावे?

तेल बदलले, जवस सुरू केले म्हणून कोलेस्टेरॉलची किंवा रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून कधीही बंद करू नका. स्टेंट टाकल्यानंतर गोळी अचानक थांबवली तर जिवावर बेतू शकते. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर माशाच्या तेलाच्या कॅप्सूल विचारल्याशिवाय घेऊ नका. जवसाच्या पुडीत तंतू भरपूर असल्याने ती गोळ्यांच्या वेळी घेऊ नका आणि त्या काळात पाणी पुरेसे प्या. गरोदरपणात जेवणातल्यापेक्षा जास्त जवस किंवा कॅप्सूल सुरू करण्याआधी विचारा.

ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर असेल तर औषधाची गरज पडू शकते. अशा वेळी पोटात वरच्या बाजूला तीव्र दुखून ते पाठीकडे जात असेल आणि उलट्या होत असतील तर स्वादुपिंडाला सूज आलेली असू शकते, लगेच रुग्णालयात जा. छातीत दाब, घाम किंवा धाप लागत असेल तर घरगुती उपायात वेळ घालवू नका.

थोडक्यात

- बैठ्या कामाच्या चौघांच्या घरात तेल-तूप मिळून महिन्याला तीन लिटर पुरे.
- करडई चांगली, पण एकटी पुरेशी नाही. तेले बदलती ठेवा.
- जवसाची चटणी रोजच्या ताटात परत आणा.
- तळण आणि बेकरीचे पदार्थ कधीतरीच.
- गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका.

पुढच्या तपासणीला येताना रक्ताच्या रिपोर्टबरोबर एक आकडा लिहून आणा: या महिन्यात घरात किती लिटर तेल संपले. औषध ठरवताना मला रिपोर्ट लागतो. पण जेवणाबद्दल नेमका सल्ला द्यायचा असेल तर हा आकडा जास्त उपयोगी पडतो.